सेगमेंटेशन फॉल्ट देतं कोण, आणि मेमरी प्रोटेक्शन परभणीत बसून शिकता येतं का?

प्रश्न परभणीच्या एका मुलीचा आहे. पॉलिटेक्निक करून ती थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेली, आता तिसऱ्यात आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं. कॅरेक्टर पॉइंटरला, म्हणजे अक्षरांचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलला, अवतरणचिन्हांत गावाचं नाव दिलं आणि पुढच्या ओळीत त्याचं पहिलं अक्षर बदललं. डिप्लोमाला टर्बो सीवर, म्हणजे डॉसच्या काळातल्या सी कंपायलरवर, हा प्रोग्राम मुकाट चालला होता. कॉलेजच्या उबुंटूवर तोच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढं म्हणून बंद पडतो. सर म्हणाले, हे मेमरी प्रोटेक्शन, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये येईल. ते युनिट आलं आणि गेलं, वहीत बेस रजिस्टर, लिमिट रजिस्टर, एक आकृती आणि ‘प्रोटेक्शन बिट’ हा शब्द उरला. मग हे खरं शिकवतात कुठे? पुण्याला क्लास लावू का?

क्लासचं शेवटी बघू. आधी फॉल्ट.

तो कंपायलरने दिलेला नाही, सीच्या लायब्ररीनेही नाही. तो प्रोसेसरने पकडला. तुझी ती ओळ प्रोसेसरपर्यंत पोचते तेव्हा तिची एक साधी सूचना झालेली असते: अमुक पत्त्यावर हा बाइट लिही. प्रोसेसरने पत्ता तपासला, तिथे लिहायला मनाई दिसली, सूचना तिथेच सोडली आणि ताबा कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, दिला. कर्नलने पाहिलं की चूक या प्रोसेसचीच, म्हणजे तुझ्या चालू प्रोग्रामचीच, आहे, म्हणून तिला ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवला. त्या सिग्नलवर कुणी वेगळी सोय केली नसेल तर प्रोसेस संपते. आणि पडद्यावरची ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ ही अक्षरं शेलने, म्हणजे टर्मिनलवर तुझ्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रामने, छापली, तुझा प्रोग्राम तोवर गेलेला होता. कंपायलर आणि लिंकरचा हात एवढाच, की अवतरणचिन्हांतला मजकूर त्यांनी फक्त-वाचण्याच्या भागात नेऊन ठेवला. त्याच मजकुराने कॅरेक्टरचा अ‍ॅरे भरला असतास तर त्याची प्रत लिहिता येण्याजोग्या भागात बनली असती आणि प्रोग्राम चालला असता. करून बघ.

आता टर्बो सीवर का चाललं ते. डिप्लोमाला ८०८६ केलं आहेस ना? सेगमेंट रजिस्टरला १६ ने गुणायचं, ऑफसेट मिळवायचा, २० बिटांचा पत्ता तयार, एकूण १ एमबी मेमरी. हे गणित तू किटवर नक्की केलं असशील. त्या सगळ्या गणितात ‘परवानगी आहे का’ हा प्रश्न कुठेच येत नाही. १९७८ च्या त्या चिपमध्ये तो प्रश्न विचारणारं सर्किटच नव्हतं. डॉसवर कोणताही प्रोग्राम कुठेही लिहू शकायचा. पडद्याच्या मेमरीत, म्हणजे हेक्समध्ये बी८०० या सेगमेंटमध्ये, एक बाइट लिहिला की डाव्या वरच्या कोपऱ्यात अक्षर उमटायचं, आणि इंटरप्टच्या तक्त्यावर लिहिलं की मशीन बसायचं.

टर्बो सीत ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा एक मेसेज कधी कधी यायचा, तोही आठवत असेल. तो मेमरी प्रोटेक्शन नव्हे. स्मॉल मॉडेलमध्ये डेटा सेगमेंटच्या अगदी सुरुवातीला चार शून्य बाइट आणि बोरलँडची कॉपीराइटची ओळ ठेवलेली असायची. प्रोग्राम संपताना टर्बो सीचाच कोड ती ओळ शाबूत आहे का बघायचा. बदललेली दिसली की मेसेज. म्हणजे पत्ता शून्यावर लिहून झालेलं असायचं, जे बिघडायचं ते बिघडलेलं असायचं, आणि प्रोग्राम संपल्यावर बातमी यायची. तुझ्या उबुंटूवर मात्र तो बाइट लिहिलाच गेला नाही. हा फरक नीट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आजच्या विंडोजवर टर्बो सी डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवतात. तिथे गंमत अशी की तुझा प्रोग्राम त्या नकली ८०८६ ची सगळी मेमरी तुडवू शकतो, पण ती मेमरी म्हणजे डॉसबॉक्स नावाच्या एका साध्या प्रोसेसच्या आतला तुकडा. भिंत आहेच, फक्त तुझ्या प्रोग्रामला ती कधी लागत नाही. मुलांना कुंपण दिसूच नये अशी सोय करून आपण त्यांना पॉइंटर शिकवतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

इंटेलच्या घराण्यात तो प्रश्न विचारणारं सर्किट आलं १९८२ च्या ८०२८६ मध्ये, सेगमेंटची मर्यादा आणि हक्क तपासणारं. १९८५ च्या ८०३८६ मध्ये पेजिंग आलं, म्हणजे मेमरी सारख्या आकाराच्या पेजांत वाटायची आणि कोणतं पेज खऱ्या मेमरीच्या कोणत्या तुकड्यात (फ्रेममध्ये) आहे ते एका टेबलात लिहायचं. मोठ्या मशीनवर ही कल्पना आणखी जुनी आहे, मँचेस्टरच्या अ‍ॅटलसवर १९६२ मध्येच पेजिंग होतं. पण तुझ्यापुरतं एवढं पुरे: किटवरचा ८०८६ आणि टेबलावरचा लॅपटॉप यांच्या मधल्या वर्षांत जे घडलं, नेमकं तेच दोन विषयांच्या फटीत पडलं. मायक्रोप्रोसेसरचे सर ८०८६ वर थांबतात, ऑपरेटिंग सिस्टिमचे सर ‘हे हार्डवेअर करतं’ म्हणून पुढे जातात, आणि सी शिकवणारे सर सेगमेंटेशन फॉल्टला ‘पॉइंटर चुकला’ म्हणतात. तिघेही खरं बोलतात. जोडून कुणी सांगत नाही.

तर जोडून बघू. परीक्षेत येतं तसं गणित घे: पेजचा आकार ४०९६ बाइट, लॉजिकल पत्ता ५०००. पेज नंबर १, ऑफसेट ९०४. पेज टेबलात १ समोर फ्रेम ७ असेल तर फिजिकल पत्ता ७ गुणिले ४०९६ अधिक ९०४, म्हणजे २९५७६. इथे पाच मार्क मिळतात आणि वही बंद होते. खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण टेबलातल्या त्या नोंदीत फ्रेम नंबर एकटा नसतो. त्याच्या शेजारी काही बिट असतात. पेज मेमरीत आहे का, त्यावर लिहिता येतं का, साध्या प्रोग्रामला ते खुलं आहे का की फक्त कर्नलला, आणि तिथला मजकूर सूचना म्हणून चालवता येतो का. पत्ता बदलून देण्याचं काम आणि हक्क तपासण्याचं काम एकाच नोंदीतून, एकाच वेळी होतं. हे करणाऱ्या भागाला एमएमयू, मेमरी मॅनेजमेंट युनिट, म्हणतात आणि तो प्रोसेसरच्या आतच असतो.

सातबारा पाहिला असशीलच. गट नंबर ४५ जिंतूरकडच्या एका गावात आहे आणि पाथरीकडच्या गावातही आहे. नंबर एकच, जमीन वेगळी. कोणता गट कुठला आणि त्यावर कुणाचा कसला हक्क, ते तलाठ्याच्या दप्तरात, आणि फेरफार शेतकऱ्याने आपल्या हाताने लिहायचा नसतो. प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल म्हणजे त्या गावचं दप्तर. दोन प्रोसेसमध्ये पॉइंटरची किंमत तंतोतंत एक असू शकते आणि तरी एकीचा डेटा दुसरीला दिसत नाही. उपमा इथेच सोडतो, कारण तलाठी काही रोज बांधावर येऊन उभा राहत नाही. एमएमयू प्रत्येक वाचण्याला आणि प्रत्येक लिहिण्याला उभा असतो.

आता इथे हुशार मुलं एक प्रश्न विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. पेज टेबल हेही शेवटी मेमरीतच आहे. मग माझ्या प्रोग्रामने आपलंच पेज टेबल उघडून ‘लिहिता येतं’ हा बिट चालू केला तर? उत्तर असं की पेज टेबल ज्या पेजांत ठेवलेलं असतं, ती पेजं साध्या प्रोग्रामच्या टेबलात त्याला खुली म्हणून लावलेलीच नसतात. त्याला तिथे पोचायला पत्ताच नाही. बरं, मग दुसरंच टेबल तयार करून प्रोसेसरला ‘आजपासून हे वापर’ सांगितलं तर? टेबल कुठे आहे हे सांगणारं रजिस्टर, एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या घराण्यात, त्याचं नाव सीआर३, फक्त कर्नलच्या मोडमध्ये बदलता येतं. बरं, मग मीच कर्नलच्या मोडमध्ये गेलो तर? जाता येतं, पण सिस्टिम कॉल, इंटरप्ट किंवा फॉल्ट यांच्या वाटेनेच, आणि त्या तिन्ही वाटा कर्नलने आधी ठरवून ठेवलेल्या जागी उघडतात, तुझ्या कोडात नाही. या तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. एक जरी सैल झाली तरी बाकीच्या दोन कागदावर राहतात. मला विचारशील तर युनिटचा गाभा हाच, आणि वहीत नेमका तोच नाही.

बेस आणि लिमिट, म्हणजे प्रोसेसची मेमरी कुठे सुरू होते आणि किती लांब आहे हे दोन रजिस्टरांत ठेवणं, शिकवणं चूक नाही. १९६४ च्या सीडीसी ६६०० वर तसंच होतं आणि समजायला ते सोपं आहे. तिथेच थांबणं चूक आहे. तुझ्या लॅपटॉपवर ६४ बिटांच्या नेहमीच्या मांडणीत पत्त्याचे ४८ बिट वापरात असतात: नऊ, नऊ, नऊ, नऊ आणि बारा. चार पातळ्यांची टेबलं, प्रत्येकात ५१२ नोंदी, प्रत्येक नोंद ८ बाइटची. ५१२ गुणिले ८ किती? ४०९६. म्हणजे प्रत्येक टेबल बरोबर एका पेजात मावतं. ही मांडणी कशी बसवली आहे ते कागदावर एकदा काढून बघ, पाठ करायची गरज उरत नाही. दर वेळी चार पातळ्या चालत जाणं महाग पडतं, म्हणून आधी शोधलेली उत्तरं टीएलबी नावाच्या प्रोसेसरमधल्या छोट्या साठ्यात जपून ठेवतात. हक्क बदलले की कर्नलला टीएलबीतली जुनी नोंद काढून टाकावी लागते, एवढंच त्याबद्दल आत्ता माहीत असलं तरी चालेल.

आता जे हाताने करायचं ते. लिनक्सवर टर्मिनल उघड आणि कॅट कमांडने /प्रॉक/सेल्फ/मॅप्स ही फाइल वाच. ती त्या कॅट प्रोसेसचीच मेमरी दाखवते. प्रत्येक ओळीत पत्त्यांची सुरुवात, शेवट आणि चार अक्षरं, त्यातली पहिली तीन हक्कांची. आर म्हणजे वाचता येतं, डब्ल्यू म्हणजे लिहिता येतं, एक्स म्हणजे चालवता येतं, डॅश म्हणजे मनाई. कोडाच्या ओळीवर आर आणि एक्स दिसतील, डब्ल्यू नाही. स्टॅक (फंक्शनांच्या लोकल व्हेरिएबलची जागा) आणि हीप (चालताना मागून घेतलेली जागा) यांवर आर आणि डब्ल्यू दिसतील, एक्स नाही. लिहिता येतं आणि चालवताही येतं अशी ओळ साध्या प्रोग्रामात शोधून बघ, बहुधा सापडणार नाही. ‘चालवू नये’ हा बिट एएमडीने २००३ मध्ये आपल्या ६४ बिटांच्या चिपबरोबर आणला आणि २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने तो वापरात घेतला. त्याआधी डेटा म्हणून आत आलेले बाइट सरळ कोड म्हणून चालवून घेता यायचे, आणि बफर भरून वाहवण्याचे कितीतरी हल्ले त्यावरच उभे होते.

पुढचं मात्र सहसा कुणी दाखवत नाही. तुझा फॉल्ट झालेला प्रोग्राम पुन्हा चालव आणि लगेच सुडो लावून डीमेसेग कमांड दे. कर्नलच्या नोंदींत शेवटी तुझ्या प्रोग्रामचं नाव, ‘सेगफॉल्ट अ‍ॅट’ म्हणून एक पत्ता, आणि पुढे ‘एरर’ म्हणून एक आकडा दिसेल. तो आकडा म्हणजे प्रोसेसरने कर्नलला दिलेली तक्रारीची चिठ्ठी. त्यातला १ चा बिट सांगतो की पेज जागेवर होतं पण हक्क नव्हता. तो शून्य असेल तर पेजच नव्हतं. २ चा बिट म्हणजे लिहायला गेला होता. ४ चा म्हणजे साध्या प्रोग्रामच्या मोडमधून गेला होता. १६ चा म्हणजे तिथून सूचना उचलायला गेला होता. आता तुझा अवतरणचिन्हांतला मजकूर बदलून बघ: एरर ७ येईल, म्हणजे ४ अधिक २ अधिक १. पेज आहे, लिहायचा हक्क नाही. नल पॉइंटरवर लिही: एरर ६. तिथे पेजच नाही. नल पॉइंटर नुसता वाच: एरर ४. एखाद्या अ‍ॅरेचा पत्ता फंक्शन पॉइंटरमध्ये घालून त्याला कॉल कर: एरर १५, पण हा आकडा हेक्समध्ये छापलेला असतो, म्हणजे १६ अधिक ४ अधिक १. पेज आहे, चालवायचा हक्क नाही. कंपाइल करताना ऑप्टिमायझेशन बंद ठेव, नाहीतर जीसीसी या कंपायलरला नल पॉइंटर आधीच ओळखू येतो, तो तिथे भलतीच सूचना घालून ठेवतो आणि तुला सेगमेंटेशन फॉल्टऐवजी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ दिसतं.

पडद्यावर चारही वेळा सेगमेंटेशन फॉल्टच लिहिलेलं असतं. आतली कारणं चार आहेत. ‘प्रोटेक्शन बिट’ या शब्दाचा अर्थ या चार ओळींत जितका कळतो तितका एका तासाच्या व्याख्यानात कळत नाही.

आता दुसरी बाजू. हे वाचून असं वाटेल की लिनक्सवर पॉइंटर चुकला की पकडला जातोच. तसं मुळीच नाही. मॅलॉकने, म्हणजे चालताना मेमरी मागून देणाऱ्या सीच्या फंक्शनने, १६ बाइट घे आणि लूपमध्ये पुढे पुढे एकेक बाइट लिहीत जा, मध्ये काही छापू नकोस. सतराव्या बाइटला काही होणार नाही. शंभराव्यालाही नाही. पडल्यावर जीडीबी या डीबगरमध्ये लूपच्या व्हेरिएबलची किंमत बघ: नेहमीच्या ग्लिबसीवर, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीवर, ती एक लाख तीस हजारांच्या पुढे असते. कारण मॅलॉकने पहिल्यांदा कर्नलकडून साधारण १३२ केबीचा सलग तुकडा मागून घेतलेला असतो, आणि तो संपूर्ण तुकडा एमएमयूच्या लेखी तुझाच आहे. एमएमयूला तुझे १६ बाइट माहीत नाहीत. त्याला पेज कळतं. तुझ्या अ‍ॅरेच्या शेजारचा बँक बॅलन्स तू पुसलास तरी तो हूं की चूं करणार नाही, कारण घर तुझंच आहे.

मेमरी प्रोटेक्शन एका प्रोसेसला दुसरीपासून आणि कर्नलला सगळ्यांपासून वाचवतं. प्रोसेसला तिच्या स्वतःच्या चुकीपासून ते फार थोडं वाचवतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड. सर्व्हरशी होणारं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘जिवंत आहेस का’ असं विचारणारा एक निरोप असायचा: मी हे एवढे बाइट पाठवतो, तेच परत कर. पाठवणाऱ्याने लांबीच्या जागी खोटा आकडा घातला, तर सर्व्हर ती लांबी न तपासता शेजारच्या मेमरीतले ६४ केबीपर्यंतचे बाइट जोडून परत पाठवायचा. त्यात पासवर्ड असायचे, खाजगी किल्ल्या असायच्या. एकही सेगमेंटेशन फॉल्ट नाही, डीमेसेगमध्ये एकही ओळ नाही. प्रत्येक बाइट त्या प्रोसेसच्याच वाचता येणाऱ्या पेजांतला होता, हार्डवेअरने आपलं काम चोख केलं होतं.

अशा चुका पकडायला वेगळी माणसं लागतात. उबुंटूवर कधी ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ दिसलं तर ते एमएमयूचं काम नाही. कंपायलरने फंक्शनच्या स्टॅकवर एक गुप्त आकडा ठेवलेला असतो आणि परत जाताना तो बदलला का हे बघितलेलं असतं. वर टर्बो सीची जी ओळ सांगितली, तिच्याच जातीचं हे काम, नुकसान झाल्यावर कळणारं. जीसीसीला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावायला सांगितलंस तर मात्र तो सतराव्या बाइटलाच थांबवतो आणि ओळ क्रमांकही सांगतो. प्रोग्राम हळू होतो, शिकताना त्याने काही बिघडत नाही. मी म्हणेन कॉलेजच्या सीच्या प्रॅक्टिकलला तो सक्तीचा करावा. आणि मुलं हल्ली रस्ट या भाषेबद्दल विचारतात त्यामागचं कारणही इथेच आहे: पेजच्या आतल्या ज्या चुका एमएमयूला दिसत नाहीत, त्यातल्या बऱ्याच रस्टचा कंपायलर प्रोग्राम चालण्याआधीच अडवतो, आणि अ‍ॅरेबाहेरचा इंडेक्स चालतानाच पकडतो. पण सी न कळता रस्टकडे पळू नकोस.

कर्नलच्या आत चूक झाली तर वर कुणी नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरात विंडोजची मशीन निळी पडली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. कर्नलमध्ये चालणाऱ्या कोडाने हद्दीबाहेरचं वाचलं, बस. साध्या प्रोसेसमध्ये झालं असतं तर ती एक प्रोसेस गेली असती. आणि खुद्द हार्डवेअरची तपासणीही डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखी नाही, हे जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाच्या प्रोसेसरमधल्या त्रुटीने दाखवलं: परवानगी नाही हा निकाल लागेपर्यंत प्रोसेसरने पुढचं काम अंदाजाने करून ठेवलेलं असायचं, आणि त्याचा माग कॅशमध्ये उरायचा. लिनक्सने मग कर्नलची जवळपास सगळी पेजं साध्या प्रोग्रामच्या टेबलातून काढूनच टाकली. हे दोन्ही तुला परीक्षेला नाहीत, पण वर सांगितलेल्या तीन गोष्टी समजल्या असतील तर त्यांच्याबद्दलचा कोणताही लेख आता कळेल.

आता कुठे शिकायचं. एक्सव्ही६ नावाची शिकवण्यासाठीच लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, एमआयटीची. कर्नल दहा हजार ओळींच्या आत, फुकट, आणि सध्याची आवृत्ती रिस्क-व्ही प्रोसेसरसाठी. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये ती १२८ एमबीच्या नकली मशीनवर चालते, त्यामुळे ४ जीबीचा जुना लॅपटॉपही चालतो. व्हीएम नावाची फाइल उघड, त्यात वॉक नावाचं एक छोटं फंक्शन आहे. पेज टेबलाच्या तीन पातळ्या ते लूपमध्ये उतरून जातं. वहीतल्या बाणांच्या आकृतीतलं सगळं त्या एका लूपमध्ये आहे. तिथे प्रोग्राम चुकला की कर्नल ‘अनएक्स्पेक्टेड एसकॉज’ म्हणून कारण छापतं: १३ म्हणजे वाचताना, १५ म्हणजे लिहिताना, १२ म्हणजे सूचना उचलताना, हेक्समध्ये असल्याने तिथे डी, एफ आणि सी दिसतात. एक्स८६ च्या चिठ्ठीशी ताडून बघ.

आणि तिथे नल पॉइंटर वाचून बघ. फॉल्ट येणार नाही. एक्सव्ही६ प्रोग्रामचा कोड शून्य पत्त्यापासूनच बसवते, म्हणून तुला तुझ्याच कोडाचे बाइट मिळतील. नल पॉइंटर म्हणजे फॉल्ट, असा कुठलाही निसर्गनियम नाही. लिनक्सवर कर्नल पहिली पेजं मुद्दाम रिकामी सोडतं, म्हणून तिथे फॉल्ट येतो. एक्सव्ही६ मध्ये तसं करून दाखव, म्हणजे शून्याचं पेज मोकळं ठेव आणि प्रोग्राम पुढच्या पेजवर बसव. मिनी प्रोजेक्ट म्हणून एवढं पुरेसं आहे आणि व्हायव्हाला परीक्षकाने काहीही विचारलं तरी तुझ्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

व्याख्यानं हवी असतील तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी मद्रासचा ऑपरेटिंग सिस्टिमचा कोर्स एक्सव्ही६ वरच आहे, आणि आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक मिथिली वुटुकुरू यांची व्याख्यानंही इंटरनेटवर मोकळी आहेत. दोन्ही इंग्रजीत. त्याआधी सी आणि लिनक्स कच्चं वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात हे विषय मराठीतूनही आहेत. लाजू नकोस, मराठीतून एकदा ऐकलेलं इंग्रजीत वाचताना अर्ध्या वेळात उरकतं. कॉलेजच्या लॅबमध्ये सुडो मिळणार नाही, ते मागण्यात सेमिस्टर घालवू नकोस. आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन टाक. लॅपटॉपच नसेल तर अ‍ॅन्ड्रॉइड फोनवर टर्मक्स या टर्मिनलच्या अ‍ॅपमध्ये क्लँग हा सी कंपायलर मिळतो, मॅप्सची फाइल वाचता येते, फॉल्टही मिळतात. फक्त डीमेसेग तिथे चालणार नाही, आणि फोनचा प्रोसेसर आर्मचा असल्याने आकडेही वेगळे असतील.

पुण्याचा खाजगी क्लास यासाठी लावू नकोस. खोलीभाडं, मेस आणि फी मिळून जो खर्च होईल त्यात तुला बहुधा मुलाखतीचे प्रश्न पाठ करून मिळतील. सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्सचा, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या प्रोसेसरांचा, साधारण सहा महिन्यांचा डिप्लोमा ही वेगळी गोष्ट आहे, त्याला प्रवेश परीक्षा आहे आणि काम करून घेतात. छत्रपती संभाजीनगरच्या नाइलिट केंद्रातही इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक्रम आहेत, तेही जाऊन बघ. एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा देणार असशील तर पेज टेबल आणि टीएलबीची गणितं घोटावीच लागतील. मात्र तिथे आकडेमोड जास्त आणि हक्कांचे बिट कमी, म्हणून नुसत्या गेटच्या तयारीवर हा विषय कळला असं समजू नकोस.

एम्बेडेड मुद्दाम म्हणतो, कारण मी त्याच धंद्यात आहे आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या पट्ट्यात वाहन उद्योगाचं काम आहे. आर्डुइनो उनो आर३ या शिकायच्या छोट्या बोर्डवर मेमरी प्रोटेक्शन नाहीच, २ केबी रॅममध्ये स्टॅक खाली वाढत हीपमध्ये घुसला तरी कुणी काही बोलत नाही, मोटर भलत्याच वेळी फिरते आणि आपण वायरिंग तपासत बसतो. आर्मच्या कॉर्टेक्स-एम३ किंवा एम४ असलेल्या चिपवर सहसा एमपीयू, मेमरी प्रोटेक्शन युनिट, असतो. तो पत्ते बदलत नाही, नुसते हक्क तपासतो. साधारण आठ प्रदेश आखता येतात, कमीत कमी ३२ बाइटचे, आकार दोनच्या घातात आणि सुरुवात त्या आकाराच्या पटीत. गाडीच्या सॉफ्टवेअरला आयएसओ २६२६२ हे सुरक्षेचं मानक लागू होतं तिथे ब्रेकचा कोड आणि डिस्प्लेचा कोड एका चिपवर असतील तर एकाने दुसऱ्याची मेमरी बिघडवता कामा नये, हे दाखवून द्यावं लागतं, आणि ते बहुधा एमपीयूनेच करतात.

एसटीएम३२ चा एम४ असलेला बोर्ड कॉलेजात पडून असेल. प्रत्येक टास्कच्या स्टॅकच्या तळाशी ३२ बाइटचा एक मनाईचा प्रदेश आख, मग एक रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच कॉल करणारं, फंक्शन मुद्दाम सैल सोड. मेममॅनेज फॉल्टचा हँडलर आधी चालू करून ठेव, नाहीतर सगळं हार्डफॉल्टमध्ये जाऊन पडतं. फॉल्टच्या स्टेटस रजिस्टरमधले बिट वाच, पत्त्याच्या रजिस्टरमधला पत्ता वैध आहे असं सांगणारा बिट आधी तपास आणि मगच तो पत्ता खरा मान. फंक्शनमध्ये मोठा लोकल अ‍ॅरे असेल तर तो ३२ बाइटच्या पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे जाऊ शकतो, तेव्हा पट्टा रुंद करून पुन्हा कर.